उंबरठ्यावर सुटलेले पुस्तक

दरवर्षी १५ ऑक्टोबरला, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिनी, राज्यातल्या शाळा-महाविद्यालयांत 'वाचन प्रेरणा दिन' साजरा होतो. २०१५ पासून ही पद्धत पडली. फोटोला हार, टेबलावर मांडलेली चार पुस्तके आणि पाहुण्यांचे भाषण. भाषणाचा सूर ठरलेला असतो. आजची मुले वाचत नाहीत, मोबाइलने वाचनसंस्कृती गिळून टाकली, आमच्या वेळी असे नव्हते. कार्यक्रम मुस्लिम मोहल्ल्यात असला तर त्यात 'इकरा'ची भर पडते. ज्या कौमला पहिला हुकूमच 'वाच' असा झाला, ती कौम आज वाचनात मागे का, असा सवाल होतो. टाळ्या पडतात, चहा होतो, पुस्तके पुन्हा कपाटात जातात आणि कपाटाला कुलूप लागते.

ही भाषणे आम्ही बरीच वर्षे ऐकत आलो आहोत. दर वेळी मनात एकच प्रश्न येतो. वाचत नाहीत म्हणजे नेमके कोण वाचत नाही, काय वाचत नाही आणि कोणत्या भाषेत वाचत नाही? हा तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही. आम्हाला मात्र तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

आम्ही हिंगोली जिल्ह्यातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. बी.एड. करून नोकरीला लागलो, आता तिशीच्या मधोमध आहोत. आमची मुले दहावी झाली की आमच्या हातून सुटतात. पण छोट्या गावात कोणी पुरते सुटत नाही. ईदला घरी येतात, स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला येतात, मुली लग्न ठरले तर सांगायला येतात. 'आपा' म्हणून हाक मारतात आणि मग हळूच कॉलेजचे सांगू लागतात. त्या सांगण्यातून जे कळले तेच येथे लिहीत आहोत.

हिंगोली जिल्हा तसा तरुण. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे पाच तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ११ लाख ७७ हजारांच्या घरात. स्वतःचे विद्यापीठ नाही. येथली महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी जोडलेली आहेत. ते विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ ला स्थापन झाले. म्हणजे आमच्या मुलांचे विद्यापीठ ऐंशी-नव्वद किलोमीटरवर. बहुतेकांनी ते डोळ्यांनी पाहिलेले नसते. विद्यापीठ म्हणजे त्यांच्यासाठी हॉल तिकीट आणि मार्क मेमो.

आता ही मुले खरेच वाचत नाहीत का? हिंगोलीत, वसमतला, कळमनुरीला संध्याकाळी एखाद्या अभ्यासिकेत डोकावून पाहावे. महिन्याची फी भरून घेतलेली खुर्ची, समोर प्लायवुडचा आडोसा, चार्जिंगचा प्लग. रात्री अकरा वाजले तरी मुले खाली मान घालून बसलेली असतात. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी. हातात 'ठोकळा' असतो, शेजारी चालू घडामोडींचे मासिक. दिवसाला आठ-आठ, दहा-दहा तास ही मुले वाचतात. त्यांना 'वाचत नाहीत' म्हणणाऱ्या वक्त्याने तेवढा वेळ त्या खुर्चीवर बसून दाखवावे.

पण ते वाचन कसे असते हेही सांगितले पाहिजे. प्रश्न, चार पर्याय, उत्तर. कॉलेजच्या अभ्यासाचेही तसेच. पूर्वी गाईड होते, मग झेरॉक्सच्या नोट्स आल्या, आता व्हॉट्सॲपवर पीडीएफ येते. सेमिस्टर संपत आले की अपेक्षित प्रश्नांचा संच फिरतो. मूळ पुस्तक कोणी पाहिलेले नसते, शिकवणाऱ्यानेही कधीकधी पाहिलेले नसते. याला आळस म्हणणे सोपे आहे. पण ज्याच्या बापाची कोरडवाहू दोन एकर सोयाबीन आहे, जो हळद काढायच्या आणि शिजवायच्या दिवसांत आठ-पंधरा दिवस कॉलेजला जाऊच शकत नाही, त्याने गाईड सोडून ग्रंथ वाचावा असे सांगायला आमची जीभ रेटत नाही. नोकरीसाठी वाचणे हे हलके वाचन नाही. फक्त ते पुरेसे नाही.

ही झाली सगळ्यांची गोष्ट. मराठा, हटकर, बंजारा, बौद्ध, मुस्लिम, सर्व घरांतली. आमच्या मुलांची गोष्ट याच्यापुढे आणखी एक गाठ मारते.

उर्दू माध्यमाचे मूल साधारण पाच-सहा वर्षांचे असताना मदरशात किंवा मशिदीत अरबी अक्षरे गिरवू लागते. कायदा संपला की कुरआनचा नाजरा. उच्चार शुद्ध हवा, जेर-जबर चुकता कामा नये. अर्थ नंतर, कधी तरी. त्या पठणाचे महत्त्व इबादतीचे आहे आणि त्याबद्दल आम्हाला आदर आहे. शाळेत उर्दू, नस्तालीक लिपीत, उजवीकडून डावीकडे. सोबत मराठी, डावीकडून उजवीकडे. इंग्रजीची रोमन लिपी वेगळी. म्हणजे दहा वर्षांचे आमचे मूल चार तऱ्हांची अक्षरे ओळखते. दुसऱ्या कोणाच्या मुलाने हे केले असते तर त्याचा सत्कार झाला असता.

घरी मात्र बोलली जाते ती दख्खनी. ती पुस्तकातली उर्दू नव्हे. 'मैंच गया था', 'वो ऐसाच बोलता' यातला 'च' मराठीकडून आलेला. म्हणजे मराठी आमच्या तोंडात जन्मापासून आहे. बाजारात, एसटी स्टँडवर, दवाखान्यात आमची मुले मराठी बोलतात आणि चांगली बोलतात. त्यामुळे सर्वांचा समज होतो की कॉलेजात त्यांना मराठीची अडचण ती काय येणार?

अडचण कुठे येते ते एका विद्यार्थिनीने आम्हाला दाखवून दिले. नाव लिहीत नाही. दहावीला वर्गात पहिली आलेली, वडील वेल्डिंगच्या दुकानात कामाला. बी.ए.ला राज्यशास्त्र घेतले होते. पहिल्या सेमिस्टरला एक दिवस वही घेऊन घरी आली आणि म्हणाली, "आपा, ये घटना कब की है? सर हर पिरीयड में बोलते घटना, घटना. क्या घटना हुई, वोच नई बताते."

आम्ही वही पाहिली. 'भारतीय घटनेची वैशिष्ट्ये'. बाजारातल्या आणि वर्तमानपत्रातल्या मराठीत घटना म्हणजे घडलेली गोष्ट. अपघाताची घटना, चोरीची घटना. तिला वाटले, कुठली तरी मोठी घटना घडली आणि तिची ही वैशिष्ट्ये. आम्ही सांगितले, "घटना म्हणजे आईन." क्षणभर ती गप्प झाली आणि मग म्हणाली, "आईन तो मुझे पूरा आता." खरेच येत होते. बुनियादी हुकूक, रहनुमा उसूल, जम्हूरियत, सगळे ती दहावीपर्यंत उर्दूत शिकली होती. मूलभूत हक्क, मार्गदर्शक तत्त्वे, लोकशाही या नावांनी तेच समोर आले तेव्हा तिने ते ओळखले नाही. दोन महिने ती वर्गात बसून ज्या गोष्टी तिला आधीच येत होत्या त्या न कळल्यासारखी ऐकत होती आणि आपण मठ्ठ आहोत असे समजून कॉलेज सोडायच्या विचारात होती.

तिचीच गत इतरांची. राज्यशास्त्र म्हणजे सियासियात, अर्थशास्त्र म्हणजे मआशियात, भूगोल म्हणजे जुग्राफिया, हे त्यांना कोणी जोडून दिलेले नसते. शाळेत दहावीपर्यंत मराठी आहे, पण ती द्वितीय भाषा म्हणून. मराठी माध्यमाचे मूल 'कुमारभारती' वाचते, आमचे 'अक्षरभारती'. ते पुस्तक चांगले आहे, पण कथा-कविता वाचण्यापुरते. इतिहास, विज्ञान, नागरिकशास्त्र आमचे मूल मराठीत कधी वाचतच नाही. आणि अकरावीच्या किंवा बी.ए.च्या पहिल्या दिवशी एकदम सर्व विषय मराठीत सुरू होतात. सायन्सवाल्यांना इंग्रजीत. दहा वर्षे ज्या भाषेत पुस्तक वाचले ती भाषा उंबरठ्यावरच राहते. आत शिरल्यावर पुस्तक दिसते, वाचताही येते, फक्त त्याच्याशी बोलता येत नाही.

"पूरा पढ़ लेतूं आपा, समझताच नई," असे एका मुलाने सांगितले होते. अक्षर लागते, अर्थ लागत नाही. मग पुन्हा तेच होते, उच्चार करा आणि पाठ करा. असे वाचायचे म्हटल्यावर गाईडसारखी सोय नाही. आमच्या मुलांना वाचनाची गोडी नाही असे जे दिसते त्याच्या मुळाशी ही गोष्ट आहे, असे आमचे ठाम मत झाले आहे. गोडी लागते ती अर्थ लागल्यावर.

काही जण म्हणतील, मग उर्दू माध्यमच बंद करा. हा सल्ला आम्हाला वरचेवर ऐकायला मिळतो, कधी हितचिंतकांकडून तर कधी इतरांकडून. त्यांनी या मातीचा थोडा इतिहास पाहावा. हिंगोलीसह सगळा मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले आणि त्याचे माध्यम होते उर्दू. विज्ञान, कायदा, इतिहास, सारे उर्दूत. त्यासाठी आदल्याच वर्षी भाषांतराचे खास खाते उघडले आणि मौलवी अब्दुल हक यांच्याकडे ते सोपवले. शेकडो ग्रंथ उर्दूत आणले गेले, हजारो पारिभाषिक शब्द घडवले गेले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता.

पण त्याची दुसरी बाजूही आहे आणि ती आम्ही लपवणार नाही. त्या काळात घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला वरच्या शिक्षणासाठी उर्दूच्या दारातून जावे लागे. त्याची भाषा उंबरठ्यावर सुटत होती. त्याने काय सोसले असेल ते आज आम्हाला आमच्या मुलांकडे पाहून कळते. दार तेच राहिले, बाहेर उभे राहणारे बदलले. म्हणून हा प्रश्न उर्दू विरुद्ध मराठी असा नाहीच. ज्या मुलाला शाळेची भाषा एक आणि विद्यापीठाची दुसरी, त्या प्रत्येक मुलाचा तो आहे. तांड्यावरच्या बंजारा मुलाला विचारा, कळमनुरी तालुक्यातल्या आंध आदिवासी मुलाला विचारा. मराठी माध्यमातून बारावी होऊन बी.एस्सी.ला गेलेल्या मुलाला इंग्रजी पुस्तक उघडल्यावर काय वाटते ते विचारा.

आणि सुटलेली भाषा निरुपयोगी नसते. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. तेव्हा मराठवाड्यातल्या कचेऱ्यांत निजामकालीन कागद बाहेर निघाले, काही मोडीत आणि काही उर्दूत. ते वाचणाऱ्यांची शोधाशोध करावी लागली. एकेकाळी मराठी घरांतले वकील आणि पटवारी जी लिपी सहज वाचत, ती वाचणारे माणूस आता हुडकावे लागते. एखादी भाषा वाचणारे कमी झाले की नुकसान फक्त ती बोलणाऱ्यांचे होत नाही.

आमच्या जिल्ह्याला वाचनाचा वारसाही थोर आहे. नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. नामदेवांनी मराठीत अभंग रचले आणि उत्तरेकडे जाऊन तिकडच्या बोलीतही रचना केली. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. एक भाषा धरली म्हणजे दुसरी सोडावी लागते असे त्यांना वाटले नाही. अलीकडच्या काळातले नाव नरहर कुरुंदकरांचे. त्यांचे घराणे वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याचे. १५ जुलै १९३२ ला नांदापूरला त्यांचा जन्म झाला. शिकायला हैदराबादला मामांकडे राहिले. इंटरच्या परीक्षेत अनेकदा नापास झाले. पण वाचन असे अफाट की पुढे नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. इतिहास, राज्यशास्त्र, नाट्यशास्त्र, धर्म, कशावरही अधिकाराने बोलत. १९८२ मध्ये औरंगाबादला व्याख्यानाच्या व्यासपीठावरच त्यांचा अंत झाला. मुस्लिम समाजाबद्दलची त्यांची सर्व मते आम्हाला पटतातच असे नाही. पण परीक्षेचे वाचन आणि माणसाचे वाचन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मुलांना सांगायचे असले की आम्ही त्यांचेच उदाहरण देतो. परीक्षेत नापास झालेला आपल्या जिल्ह्यातला एक मुलगा वाचनाच्या बळावर प्राचार्य झाला, हे ऐकून मागच्या बाकावरची मुले सरळ बसतात.

मराठी वाचणे-लिहिणे हे मुसलमानाला परके नाही, हेही मुलांना सांगावे लागते. सतराव्या शतकात श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. संत साहित्याचे अभ्यासक डॉ. यू. म. पठाण मराठवाडा विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते आणि १९९० च्या पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ही नावे आमच्या मुलांनी ऐकलेली नसतात. ऐकली की चेहऱ्यावर एक वेगळाच भाव येतो, आपलेच घर आहे आणि एक खोली पाहायची राहून गेली होती असा.

आता आम्ही काय करतो ते थोडे सांगतो. मोठे काही नाही. त्या 'घटना'वाल्या मुलीनंतर कॉलेजात जाणारी दहा-बारा मुले-मुली रविवारी सकाळी आमच्या घरी बसू लागली. प्रत्येकाने दोन रकान्यांची वही केली. उजवीकडे उर्दू शब्द, डावीकडे मराठी. ज्याच्या त्याच्या विषयाचे. वही भरत गेली तशी एक गंमत ध्यानात आली. कितीतरी शब्द दोन्हीकडे तेच निघाले. कागद, शाई, दप्तर, तारीख, हजर, अर्ज, वकील, मजकूर, जाहीर. मुले हसू लागली. मराठी आपल्याशी इतक्या दिवसांपासून आपल्याच शब्दांत बोलत होती, असे एकीने म्हटले. कठीण शब्द मग तेवढे परके वाटेनात.

दुसरी गोष्ट म्हणजे मोठ्याने वाचन. वहीचे काम झाले की अर्धा तास एक पुस्तक. त्यावर प्रश्न नाही, गुण नाहीत. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आम्ही असेच वाचले. १९८० साली आलेले हे आत्मकथन. कैकाडी समाजातला मुलगा, गाढवावर बिऱ्हाड, टोपल्या विणत गावोगाव फिरणे आणि त्यात शाळा. पुस्तक अर्ध्यावर आले तेव्हा तीच वेल्डरची मुलगी म्हणाली, "आपा, इसकी भी घर की जबान अलग थी." आम्ही ते पुस्तक आधी दोनदा वाचले होते. दारिद्र्य पाहिले होते, जात पाहिली होती. भाषेची बाजू तिने दाखवली. विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने वाचावे ते असे, आपल्या जगण्याशी लावून. हे तिला कोणी शिकवले नव्हते. अर्थ लागू लागला तेव्हा आपोआप आले.

ती पुढे बी.ए. झाली. आता एम.ए.ला आहे आणि मराठी कादंबऱ्या मागून नेते. पण सर्वांचे असे झाले नाही. 'समझताच नई' म्हणणारा तो मुलगा दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडून पुण्याला गेला, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात. घरची गरज होती. हुशार होता. आजही तो रात्री आम्हाला शेर पाठवतो, रोमन लिपीत टाइप केलेले. मीर, गालिब, फैज. २०१३ मध्ये 'रेख्ता' हे संकेतस्थळ सुरू झाले. तेथे उर्दू शायरी नस्तालीक, देवनागरी आणि रोमन अशा तिन्ही लिप्यांत वाचता येते. आमच्याकडे मराठी माध्यमातून शिकलेली मुस्लिम मुलेही तेथे देवनागरीतून उर्दू वाचतात. मोबाइलला नुसत्या शिव्या देणाऱ्यांनी हे पाहावे. पदवी सुटली तरी त्या मुलाचे वाचन सुटले नाही, कारण त्या भाषेत त्याला अर्थ लागतो. त्याला समाजशास्त्राचे पुस्तकही असेच कोणी तीन लिप्यांत, नाही तर दोन भाषांत दिले असते तर?

ग्रंथालयांबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. अ, ब, क, ड असे वर्ग करून ग्रंथालयांना सरकारी अनुदान मिळते. गावोगाव वाचनालयांच्या पाट्या आहेत. आत एक मोठे टेबल, त्यावर वर्तमानपत्रे, भोवती पुरुष मंडळी. मुलगी आत आली तर सर्वांच्या माना वर होतात. ती पुन्हा येत नाही. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तर पुस्तकाला हात लावता येत नाही. चिठ्ठीवर नाव लिहून खिडकीत द्यायचे. आमच्या एका विद्यार्थिनीने अशा खिडकीत कादंबरी मागितली तर "आधी अभ्यासाचे ने" असे उत्तर मिळाले. ज्याला कोणते पुस्तक हवे तेच ठाऊक नाही त्याने चिठ्ठीवर काय लिहावे? ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडणाऱ्या डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्येच खुल्या कपाटांचा आग्रह धरला होता. पुस्तक चाळता आले पाहिजे, त्याचा वास घेता आला पाहिजे, नको वाटले तर परत ठेवता आले पाहिजे. आमच्या आईच्या पिढीतल्या बायका 'पाकीजा आंचल'सारखे उर्दू डायजेस्ट एकमेकींच्या घरून आणून वाचत. ती कपाटे नव्हतीच. उशीखाली ठेवलेले पुस्तक होते, म्हणून वाचले गेले.

सच्चर समितीचा अहवाल २००६ मध्ये आला. २००१ च्या जनगणनेनुसार देशात साक्षरता ६५.१ टक्के, तर मुस्लिमांत ५९.१ टक्के, असे त्यात नोंदवले आहे. त्या आकड्यांवर पुष्कळ भाषणे झाली. पण साक्षर होणे आणि वाचक होणे यांच्यामध्ये जे अंतर आहे त्याची नोंद कोणत्याच तक्त्यात नाही. आमची पोरे साक्षर होऊन, पदवीधर होऊन, वाचक न होता बाहेर पडत आहेत. नोकरी मिळाली तर ठीक. नाही मिळाली तर हातात ना नोकरी, ना पुस्तक. अशा तरुणाला मोबाइलवरचा कोणताही खोटा मजकूर खरा वाटतो, आपल्या बाजूचा असो की दुसऱ्या बाजूचा. मोहल्ल्यात एखादी अफवा आली की मूळ बातमी कुठे आहे ती दाखव, असे म्हणणारा एक तरी मुलगा तेथे असावा, एवढीच आमची अपेक्षा आहे. वाचनाचा प्रश्न आमच्यासाठी येथवर येऊन भिडतो.

उपाय फार खर्चाचे नाहीत. आठवीपासून उर्दू शाळांत आठवड्यातून एक तास इतिहास-नागरिकशास्त्राचा एखादा धडा मराठीतही वाचून घेता येईल, परीक्षेशिवाय. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते. उर्दू शाळांनीही ते लावावे. राज्याचे भाषा संचालनालय १९६० पासून मराठी परिभाषेचे काम करीत आले आहे, उर्दू परिभाषेचे कोशही आहेत. दोन्ही शेजारी ठेवून बी.ए., बी.कॉम.च्या पहिल्या वर्षासाठी चाळीस पानांची उर्दू-मराठी शब्दपुस्तिका विद्यापीठाने काढली तर पहिल्या सेमिस्टरची गळती थोडी तरी थांबेल. वाचनालयाने दुपारचे दोन तास मुलींसाठी ठेवावेत. आणि आपल्या जलशांवर, मुशायऱ्यांवर जो पैसा खर्च होतो त्याचा थोडा हिस्सा मोहल्ल्यातल्या एका उघड्या कपाटासाठी निघावा. त्यात उर्दू असावे, मराठी असावे, आणि कुलूप नसावे.

हे सर्व होईल तेव्हा होईल. तोवर आमच्या शिक्षक बंधु-भगिनींना एकच विनंती. दहावीचा निकाल लागला की मुलांना पेढे द्या, आणि पेढ्यांबरोबर ती दोन रकान्यांची कोरी वहीही द्या. पहिल्या ओळीत तुम्ही स्वतःच्या हाताने लिहा: आईन म्हणजे घटना. पुढच्या ओळी ते स्वतः भरतील.